जर्मन भाषेचे प्राथमिक अध्यापन आणि मराठी व्याकरणाचा आधार : खानदेशातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रास्ताविक

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पुरविण्यासंबंधी करार झाला. तेव्हापासून जर्मन भाषेविषयी पुण्या-मुंबईबाहेरही विचारणा होऊ लागली. परिचारिका, तंत्रज्ञ, वाहनचालक अशा व्यवसायांतील तरुणांना तेथे जाण्यासाठी भाषेची अट पूर्ण करावी लागते. परिचारिकेच्या व्यवसाय-मान्यतेसाठी साधारणतः बी2 ही पातळी अपेक्षित असते आणि तिचा आरंभ ए1 या पहिल्या पायरीपासून होतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचे कार्यक्षेत्र असलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिसरातील विद्यार्थीही या विचारणेत मागे नाहीत. प्रश्न आहे तो हा विद्यार्थी पहिल्या सत्रातच का गळतो, हा.

‘जर्मन अवघड आहे’ हे या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर आहे. प्रस्तुत लेखकास ते अपुरे वाटते. आपल्याकडे जर्मन शिकविली जाते ती इंग्रजीच्या माध्यमातून. ‘नेत्सवेर्क’सारखी प्रचलित पाठ्यपुस्तके पूर्णतः जर्मन भाषेत असतात, त्यांचे वर्गातील स्पष्टीकरण मात्र इंग्रजीतून होते आणि बाजारातील मार्गदर्शिकाही इंग्रजीतच असतात. परिणामी मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी जर्मनपाशी पोहोचण्यापूर्वी इंग्रजीपाशीच अडखळतो. ज्या इंग्रजीला तो आधीच बिचकतो, तिच्या खांद्यावरून त्याला आणखी एक भाषा पाहावयाची असते. वास्तविक प्राथमिक जर्मनमधील अनेक गोष्टी इंग्रजीपेक्षा मराठीला अधिक जवळच्या आहेत. त्या कोणत्या, आणि मराठी जेथे साहाय्य करीत नाही ती स्थळे कोणती, यांचा येथे उदाहरणांसह विचार केला आहे. जर्मन शब्द उच्चाराला धरून देवनागरीत लिहिले आहेत. हे लेखन अर्थातच स्थूल आहे.

‘द्वितीय भाषा’ या नावाविषयी

अभ्यासक्रमात जर्मनचा उल्लेख ‘द्वितीय भाषा’ असा होतो. हे नाव कागदावरचे आहे. धुळे तालुक्यातील विद्यार्थी घरी अहिराणी बोलतो, रावेर-यावलकडचा लेवा बोली बोलतो, शिरपूर-चोपड्याच्या सातपुडा पट्ट्यातला पावरी वा भिली बोलतो. शाळेत प्रमाण मराठी, बाजारात आणि चित्रपटात हिंदी, महाविद्यालयात इंग्रजी असा त्याचा प्रवास झालेला असतो. म्हणजे जर्मन ही त्याची पाचवी भाषा. ही अडचण समजली जाते. आम्हांस ती पुंजी वाटते. एकच गोष्ट दोन बोलींत दोन रीतींनी सांगता येते हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते. अहिराणीत ‘मी करस, तू करस, तो करस’ असे एकच रूप चालते आणि शाळेतल्या मराठीत ‘मी करतो, तू करतोस, तो करतो’ अशी दोन रूपे होतात, हा बदल त्याने एकदा पचविलेला आहे. जर्मन क्रियापदाचे पुरुषवाचक प्रत्यय त्याला शिकविताना याच बदलाची आठवण करून द्यावी. इंग्रजीतल्या एकुलत्या एका ‘एस्’ प्रत्ययाची तुलना त्या मानाने तोकडी पडते.

महाराष्ट्रात जर्मनचे शिक्षण पूर्वी ग्रंथवाचनासाठी होत असे. फ्रान्झ कीलहॉर्न यांनी पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात संस्कृत शिकविले, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना ग्योटिंगेन विद्यापीठाने 1885 मध्ये सन्मान्य पदवी दिली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1921 मध्ये बॉन विद्यापीठाला प्रवेशासाठी स्वहस्ते जर्मन भाषेत पत्र लिहिले. त्या पिढ्यांना संस्कृत वा उच्च शिक्षणाचा पाया होता. आजच्या विद्यार्थ्याला रुग्णाशी, मुकादमाशी, घरमालकाशी बोलावयाचे आहे. त्यामुळे अध्यापनाची दिशाही वेगळी हवी.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. ‘नामे’ म्हणजे नाम, ‘नाझे’ म्हणजे नासिका, ‘इस्ट’ म्हणजे अस्ति, ‘मुटर’ म्हणजे मातृ अशी यादी फळ्यावर लिहून संस्कृत-जर्मन नात्याचा गौरव करण्याची प्रथा आपल्याकडे आहे. हे नाते शास्त्रीयदृष्ट्या खरे आहे. पण त्याने टाळ्या मिळतात, भाषा येत नाही. उपयोगी पडते ते व्याकरणाच्या घडणीतील साम्य.

उच्चार

जर्मन ‘झेड’ या अक्षराचा उच्चार ‘त्स’ असा आहे. इंग्रजी वा हिंदी भाषकाला शब्दाच्या आरंभी हा ध्वनी मुद्दाम साधावा लागतो. मराठी भाषक तो ‘चाक’, ‘चूल’, ‘चोर’ या शब्दांत रोज उच्चारतो. ‘त्साइट’ (वेळ) किंवा ‘त्सेन’ (दहा) यांतील पहिला ध्वनी म्हणजे चाकातला च, चहातला नव्हे, एवढे सांगितले की काम होते. जर्मनमधील ‘यू’वर दोन टिंबे असलेला स्वर देवनागरीत लिहिता येत नाही, परंतु करून दाखविता येतो : ओठ ‘ऊ’चे ठेवावेत आणि आतून ‘ई’ म्हणावे. तसेच ‘ओ’चे ओठ आणि ‘ए’ची जीभ यांतून दुसरा स्वर मिळतो. ‘बूख’ (पुस्तक) यातील ‘ख’ घर्षक आहे. उर्दू ‘खबर’ नीट उच्चारणारा विद्यार्थी वर्गात असेल तर शिक्षकाने खुशाल त्याला पुढे बोलवावे.

अडचण होते ती इंग्रजी वाचनाच्या सवयीची. ‘व्ही’ हे अक्षर दिसले की विद्यार्थी ‘व’ म्हणतो. जर्मनमध्ये ते बहुधा ‘फ’ असते आणि ‘डब्ल्यू’चा ‘व’ होतो. म्हणून वडील म्हणजे ‘फाटर’ आणि पाणी म्हणजे ‘वासर’. शब्दान्तीचा घोष व्यंजन अघोष होतो, ही गोष्ट मात्र मराठीतही नाही. ‘आणि’ या अर्थाच्या शब्दात शेवटी ‘डी’ लिहिलेला असूनही उच्चार ‘उन्ट’ होतो. वर्गात त्यावर उंटाचा विनोद होतोच; तो होऊ द्यावा, कारण त्यानंतर कोणी ‘उंड’ म्हणत नाही.

लिंगविचार

जर्मन नामांची तीन लिंगे आणि त्यांची ‘डेर, डी, डास’ ही उपपदे यांची नवशिक्याला सर्वाधिक धास्ती असते. मार्क ट्वेन या अमेरिकी लेखकाने 1880 साली जर्मन भाषेची जी प्रसिद्ध थट्टा केली, तिच्यात मुलगी नपुसकलिंगी कशी, हा एक मुख्य मुद्दा होता. इंग्रजी भाषकाला हे विचित्र वाटणे साहजिक आहे. मराठी भाषकाला ते वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे पोरगं, लेकरू, वासरू, कोकरू, शिंगरू, करडू हे सारे ‘ते’ आहेत. लहान, लाडके, अजून न वाढलेले ते नपुसकलिंगी, हा संकेत मराठीच्या अंगवळणी पडलेला आहे. जर्मनमध्ये ‘शन’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला की शब्द ‘डास’ होतो आणि ‘मेट्शन’ (मुलगी) हा शब्द असाच लघुत्वदर्शक आहे. इंग्रजी मार्गदर्शिका ज्याला अपवाद म्हणून चौकटीत छापतात, ते आपल्या विद्यार्थ्याला ‘लेकरू’ या एका शब्दाने कळते.

हिंदीत दोन लिंगे उरली, इंग्रजीत नामांचे व्याकरणिक लिंग लोपले; मराठीने तीनही राखली. विशेषणाचा विकारही राखला. ‘चांगला माणूस, चांगली बाई, चांगले मूल’ याच्या शेजारी ‘आइन गूटर मान, आइने गूटे फ्राउ, आइन गूटेस किंट’ लिहावे. ‘माझा भाऊ, माझी बहीण’ याच्याजवळ ‘माइन ब्रूडर, माइने श्वेस्टर’ लिहावे. इंग्रजीतून शिकणारा विद्यार्थी ‘माय’ या एकाच रूपावर विसंबतो आणि ‘माइन श्वेस्टर’ लिहून बसतो. जो घरी आयुष्यात कधी ‘माझा बहीण’ म्हणाला नाही, त्याच्या हातून ही चूक व्हावी, यात दोष शिकविण्याच्या वाटेचा आहे.

अर्थात लिंग ही कोटी समान असली तरी प्रत्येक वस्तूचे लिंग समान नाही. पुस्तक, घर, पाणी ही दोन्ही भाषांत नपुसकलिंगी (डास बूख, डास हाउस, डास वासर), शाळा दोन्हीकडे स्त्रीलिंगी (डी शूले) आणि चंद्र दोन्हीकडे पुल्लिंगी (डेर मोन्ट). पण सूर्य तेथे स्त्री आहे (डी झोने), खिडकी नपुसक (डास फेन्स्टर), झाड पुरुष (डेर बाउम) आणि टेबलही पुरुष (डेर टिश). विद्यार्थी पहिल्या आठवड्यात जुळणाऱ्या शब्दांवर खूश होऊन सर्वच शब्द मराठीवरून ठरवू लागतो. तेव्हा त्याला विचारावे की ‘बस’ हा शब्द इंग्रजीतून आला, मग ‘ती बस’, ‘तो मोबाइल’ आणि ‘ते टेबल’ हे कोणी ठरविले? उत्तर देता येत नाही, तरी चूक कोणी करीत नाही. शब्द लिंगासह कानी पडला, म्हणून लिंगासह मुखी आला. जर्मन शब्दही उपपदासह पाठ करावयाचा, हे मग वेगळे पटवावे लागत नाही.

सामासिक शब्दांविषयी थोडक्यात. जर्मनमधील लांबलचक शब्द पाहून विद्यार्थी दबकतो. ‘क्रांकेनहाउस’ म्हणजे आजाऱ्यांचे घर, अर्थात रुग्णालय; ‘मुटरश्प्राखे’ म्हणजे मातृभाषा; ‘हांटशू’ म्हणजे हाताचा जोडा, आपला हातमोजा. शालेय व्याकरणातील तत्पुरुष समास येथे जसाच्या तसा लागू पडतो. उत्तरपद प्रधान, म्हणून संपूर्ण शब्दाचे लिंगही उत्तरपदाचेच. ‘हाउस’ नपुसक म्हणून ‘डास क्रांकेनहाउस’. दहावीला पाठ केलेला समास असा पदवीच्या वर्गात कामाला येतो.

विभक्ती : साहाय्य आणि अडथळा

‘मला थंडी वाजते’ या वाक्यात थंडी सोसणारा ‘मला’ असतो, ‘मी’ नसतो. जर्मनमध्येही ‘मीर इस्ट काल्ट’ म्हणतात आणि त्यातील ‘मीर’ चतुर्थीचे रूप आहे. इंग्रजी वाक्य मनात धरणारा विद्यार्थी ‘इश बिन काल्ट’ म्हणतो. त्याचा अर्थ आपण स्वभावाने थंड आहोत असा होतो, आणि परिचारिका होऊ पाहणाऱ्या व्यक्तीने तो होऊ न दिलेला बरा. ‘ते मला आवडते’ यासाठी ‘डास गेफेल्ट मीर’ ही रचना शब्दशः तीच आहे. प्रकृती विचारताना, दुखणे सांगताना, चव सांगताना जर्मन भाषा हीच वाट धरते. मराठीतील या ‘मला’युक्त वाक्यांची एक यादी पहिल्याच महिन्यात करून घ्यावी.

पण येथेच मराठी एक खड्डाही खणून ठेवते. आपल्या द्वितीयेचे आणि चतुर्थीचे प्रत्यय सारखेच आहेत. ‘तो मला पाहतो’ आणि ‘तो मला पुस्तक देतो’ यांत ‘मला’ एकच. जर्मनमध्ये पहिल्या वाक्यात ‘मिश’ आणि दुसऱ्यात ‘मीर’. संस्कृत घेतलेल्या विद्यार्थ्याला ‘माम्’ आणि ‘मह्यम्’ आठवतात; इतरांनी काय करावे? आम्ही वर्गात एक कसोटी वापरतो. ‘ला’ लागलेल्या माणसाच्या जागी झाड ठेवून पाहावे. ‘मी मुलाला पाहतो’ याचे ‘मी झाड पाहतो’ होते; ‘ला’ गळून पडतो, म्हणजे ती द्वितीया. ‘मी मुलाला पाणी देतो’ याचे ‘मी झाडाला पाणी देतो’ होते; ‘ला’ टिकतो, म्हणजे ती चतुर्थी. मराठीत निर्जीव वा अचेतन मानलेल्या कर्माला सहसा प्रत्यय लागत नाही, या गुणधर्मावर ही कसोटी उभी आहे. ‘मदत करणे’ हे क्रियापदही तिच्यात बसते. झाडाला मदत करावयाची म्हटली तरी ‘ला’ राहतोच, आणि जर्मन ‘हेल्फन’ चतुर्थीच घेते. ‘विचारणे’ मात्र कसोटीला चकवते : मराठीत ‘ला’ टिकतो, पण जर्मन ‘फ्रागन’ द्वितीया मागते. असे अपवाद वेगळे पाठ करावे लागतात.

दुसरा खड्डा सप्तमीचा. ‘मी शाळेत जातो’ आणि ‘मी शाळेत आहे’ या दोहोंत आपण ‘शाळेत’च म्हणतो. अहिराणीतही ‘घरमा जाय’ आणि ‘घरमा शे’ यांत ‘मा’ एकच. जर्मन मात्र गती आणि स्थिती यांत भेद करते : जाताना ‘इन डी शूले’, असताना ‘इन डेर शूले’. येथे इंग्रजीचा आधार घेणे योग्य, कारण इंग्रजीत या दोन ठिकाणी दोन वेगळी अव्यये येतात. प्रस्तुत लेखाचा आग्रह मराठीचा आहे, हट्ट नाही.

वाक्यरचना आणि संख्या

‘तो आज येत नाही, कारण तो आजारी आहे.’ यातील दुसरे उपवाक्य जर्मनमध्ये ‘वाइल एर क्रांक इस्ट’ असे होते : कारण, तो, आजारी, आहे. चारही शब्द मराठीच्याच क्रमाने. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते हा नियम इंग्रजी मार्गदर्शिकांत बऱ्याच उशिरा आणि भीतीच्या सुरात येतो. मराठी विद्यार्थ्याला त्यात नवे काही नाही. इंग्रजी शब्दक्रम मध्ये आणला नाही म्हणजे झाले. ‘मी जर्मन बोलू शकतो’ यातील ‘बोलणे’ही जर्मनमध्ये वाक्याच्या अखेरीस जाते : ‘इश कान डॉइच श्प्रेशन’.

मुख्य वाक्यातील क्रियापद दुसऱ्या स्थानी येणे ही खरोखर नवी गोष्ट आहे. ‘आज मी धुळ्याला जातो’ याचे ‘हॉइटे फारे इश नाख धुळे’ होते : आज, जातो, मी. येथे मराठीही कामाची नाही आणि इंग्रजीही नाही. एस.टी.च्या गाडीत काही आसनांवर ‘राखीव’ असे लिहिलेले असते. तसे वाक्यातले दुसरे आसन क्रियापदासाठी राखीव, पहिल्यावर कोणीही बसो. ही उपमा बाळबोध आहे, पण नियमाच्या परिभाषेपेक्षा ती अधिक लक्षात राहते. या एका नियमाला मिळतो त्याच्या तिप्पट वेळ दिला पाहिजे.

भूतकाळात काही क्रियापदे ‘हाबन’ घेतात, काही ‘झाइन’. ‘मी गेलो आहे’ याचे ‘इश बिन गेगांगन’ होते, त्यातील ‘बिन’ म्हणजे आपला ‘आहे’. ‘मी पुस्तक वाचले’ यात मात्र ‘हाबे’ येते. मराठीत भूतकाळी ज्याचा कर्मणी प्रयोग होतो (आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली), ते क्रियापद बहुधा ‘हाबन’ घेते. उलट बाजूने हा नियम चालत नाही. ‘मी झोपलो’ हा कर्तरी असूनही जर्मनमध्ये ‘हाबे’च येते. अर्धे ओझे हलके होते एवढेच.

संख्यांच्या बाबतीत मात्र ओझे जवळजवळ उरतच नाही. जर्मन पंचवीस म्हणजे ‘फ्यूनफ-उन्ट-त्स्वान्त्सिश’, शब्दशः पाच-आणि-वीस. आपला ‘पंचवीस’ही पाच आधी, वीस नंतर असाच आहे. इंग्रजी ‘ट्वेन्टी-फाइव्ह’ उलट. वर्गात अंकलेखन घेतले तेव्हा इंग्रजीतून आकडे मोजणारे विद्यार्थी 25 ऐवजी 52 लिहीत होते. मराठीत मोजा असे सांगितल्यावर ही उलटापालट बहुतांशी थांबली. दूरध्वनी क्रमांक, औषधाची मात्रा, गाडीची वेळ यांत 25 आणि 52 यांतील अंतर किती महाग पडू शकते, हे सांगावयास नको. घड्याळाच्या बाबतीत ‘हाल्प ड्राय’ म्हणजे अडीच, साडेतीन नव्हे, हे समजावताना ‘अडीच’ या शब्दाची व्युत्पत्तीच पुढे ठेवावी. तो संस्कृत ‘अर्धतृतीय’ यावरून आला, म्हणजे तिसरा अर्धा. जर्मन शब्दही तिसऱ्याचा अर्धा हेच सांगतो. ‘साडेसहा’ सांगताना आपण ही पद्धत सोडली. जर्मन भाषेने ती सर्व तासांना कायम ठेवली, म्हणून साडेसहा म्हणजे ‘हाल्प झीबन’, सातचा अर्धा.

संबोधनाचा प्रश्न वेळ घेत नाही. ‘डू’ आणि ‘झी’ यांतील भेद ‘तू’ आणि ‘आपण’ यांतला आहे. आदरार्थी ‘झी’ला तृतीय पुरुषी अनेकवचनाचे क्रियापद का लागते, हे इंग्रजी भाषकाला कोडे वाटते, ‘सर आले’, ‘आबा म्हणाले’ असे एका व्यक्तीविषयी अनेकवचन योजणाऱ्यास ते वाटत नाही.

वर्गातील उपयोजन

चार श्रेयांकांच्या अभ्यासक्रमाला साठ तास मिळतात. त्यांचे वाटप आज पुस्तकातील धड्यांप्रमाणे होते. त्याऐवजी ते विद्यार्थ्याच्या भाषेकडे पाहून व्हावे. लिंग, विशेषण-विकार, गौण वाक्य, संख्या, समास, संबोधन यांवर मराठी उदाहरणांनी थोडक्यात भागवावे आणि वाचलेले तास द्वितीया-चतुर्थी, गती-स्थिती, दुसऱ्या स्थानचे क्रियापद व शब्दान्तीचे उच्चार यांवर खर्चावेत. यासाठी मराठीतून लिहिलेली, पन्नास-साठ पृष्ठांची एक तुलनात्मक पुस्तिका पुरेशी आहे. वि. का. राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ ज्या धुळ्यात आहे, तेथे मराठीच्या घडणीचा ऐतिहासिक विचार करण्याची परंपरा परकी नाही. मराठी विभागातील व्याकरणाच्या शिक्षकाने आणि जर्मन शिकविणाऱ्याने एकत्र बसले तर असे काम दोन उन्हाळी सुट्ट्यांत उरकते.

मूल्यमापनाचीही सांगड घालावी लागेल. महाविद्यालयीन परीक्षेत रिकाम्या जागा आणि भाषांतर यांना गुण असतात. ग्योटे संस्थेच्या ए1 परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण तपासले जाते. शंभरपैकी साठ गुण मिळवावे लागतात, आणि लेखनात एक अर्ज भरणे व तीसेक शब्दांचा निरोप लिहिणे एवढेच असते. आपला विद्यार्थी उपपदांचा तक्ता अचूक लिहितो, पण स्वतःच्या आडनावाची अक्षरे जर्मन उच्चारांत सांगता येत नाहीत म्हणून संभाषणाच्या पहिल्याच प्रश्नाला थांबतो. अंतर्गत मूल्यमापनाचे निम्मे गुण तोंडी परीक्षेला द्यावेत आणि तिच्यात नाव, गाव, आडनावाची अक्षरे, दूरध्वनी क्रमांक व वेळ एवढेच विचारावे. ‘पाचोरा’, ‘अमळनेर’, ‘साक्री’ ही नावे अक्षरशः सांगण्याचा सराव प्रत्येक तासाच्या आरंभी पाच मिनिटे घेतला, तर सत्राच्या अखेरीस हा प्रश्न बहुतेकांना सुटतो.